मातीचे नट

चित्रपट काढावयाचा म्हटला म्हणजे प्रथम पैसा पाहिजे, मग भारी यंत्र पाहिजे, आणि हीं दोन्हीं मिळालीं तर मग देखणा नट पाहिजे, अशी आपणां सर्वांची समजूत होऊन बसली आहे. शाळेंतील मुलांनीं एखादा लघुपट काढण्याचें मनांत आणलें कीं हीच समजूत त्यांच्याही डोक्यांत शिरते, आणि गोष्ट काय सांगावयाची याचा विचार होण्यापूर्वींच नायक कोणीं व्हावें यावरून वर्गांत दोन तट पडतात. माझें म्हणणें थोडें निराळें आहे. ज्या विद्यार्थ्याला आपला पहिला चित्रपट काढावयाचा आहे त्यानें माणसांच्या वाटेस जाऊं नये. त्यानें आपल्या घरांतील खेळणीं घ्यावींत. हें मी काटकसरीच्या दृष्टीनें म्हणत नाहीं; काटकसर होते ती वेगळी. खेळण्याला अभिनय येत नाहीं, म्हणून म्हणतों.

हें विधान ऐकून वाचक हंसतील. परंतु क्षणभर विचार करावा. मित्राला कॅमेऱ्यापुढें उभें करून आपण त्याला "रड" म्हणतों. तो बिचारा तोंड वेडेंवांकडें करतो. आणि दृश्य साधलें नाहीं तर दोष त्याच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. मातीच्या बाहुल्याला मात्र एकच चेहरा. कुंभारानें साच्यांतून काढतांना जो दिला तो. तो दुःखी दिसावा असें वाटत असेल तर तें काम कोणीं करावयाचें? त्याला भिंतीपासून किती दूर उभा करावा, कॅमेरा त्याच्या पायांशीं ठेवावा कीं डोक्यावर, दिवा कोणत्या बाजूस असावा, त्याच्या आधीं काय दाखवावें आणि नंतर काय, हें सारें ठरवूनच तें दुःख निर्माण करावें लागतें. खेळणें दिग्दर्शकाला एकही सबब ठेवीत नाहीं.

एका परिचितांच्या मुलानें व त्याच्या सोबत्यांनीं माणसांचा लघुपट काढावयास घेतला होता, त्याची हकीकत मला माहीत आहे. ज्याच्या घरचा कॅमेरा तो नायक झाला. दुसऱ्या दिवशीं खलनायक शिकवणीमुळें आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं नायक केस कापून आला, त्यामुळें जिना चढतांना ज्याच्या कपाळावर झुलपें होतीं तोच जिन्याच्या वर पोहोंचतांना सफाचट दिसूं लागला. चौथ्या दिवशीं भांडण झालें. तो चित्रपट तेथेंच आहे. मातीचा मावळा केस कापीत नाहीं, एवढें तरी कबूल केलें पाहिजे!

मावळा म्हणतों तो उगाच नव्हे. आमचें घर स्वारगेटपाशीं आहे. गॅलरींत उभें राहिलें कीं एस्. टी. स्टँडावरील ध्वनिक्षेपकाची सातारा, सांगली, कोल्हापूर अशी हांक पहांटेपासून ऐकूं येते, आणि २०२४ सालापासून त्याच चौकाच्या पोटांतून भुयारी मेट्रोही धांवूं लागली आहे. पुण्यांतील इतर अनेक घरांप्रमाणें आमच्याही अंगणांत दिवाळींत मुलें किल्ला करतात. दगड, विटा, जुनीं पोतीं, वर चिखलाचा लेप, आणि हिरवळीसाठीं पेरलेले अळीव. मग त्यावर मातीचीं चित्रें मांडावयाचीं: सिंहासनावर महाराज, दारावर पहारेकरी, बुरुजांवर मावळे, डोक्यावर घडा घेतलेली गवळण, आणि गुहेंत वाघ. पहारेकरी दरवाज्यापेक्षां उंच असतो आणि वाघ बुरुजाएवढा. पण किल्ला पाहावयास येणाऱ्या एकाही माणसाला त्यांत विसंगति वाटल्याचें मला आठवत नाहीं.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. चित्रें बिस्किटांच्या डब्यांत गेलीं, आणि एक मावळा खिडकींत चुकून राहून गेला. माझा पुतण्या, त्याचे दोन मित्र व शेजारची एक मुलगी, सर्व आठवी-नववींतील, यांना तेथेंच गोष्ट सांपडली. या मावळ्याचा किल्ला गेला. आतां त्यानें राहावयाचें कोठें? तो स्वारगेटला जातो आणि प्रतापगडाकडे जाणारी गाडी पकडतो. एवढीच गोष्ट. दीड मिनिटाची.

गाडी पुतण्याच्या लहानपणची, पत्र्याची, तांबडी, एक चाक नसलेली. कंडक्टर म्हणून सावंतवाडीची एक लाकडी बाहुली उभी राहिली. प्रवासी किल्ल्यावरचेच. वाघ गवळणीशेजारीं बसला तरी कोणीं हरकत घेतली नाहीं, कारण गाडी भरलेली होती आणि स्वारगेटहून सुटणाऱ्या गाडींत जागा मिळाल्यावर शेजारीं कोण आहे हें कोण पाहतो? खर्चाचा हिशेब मुलांनीं वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला आहे. पुठ्ठा ४० रुपये, रंगीत माती ३५, चिकटपट्टी २०, आणि भजीं ६०. एकूण १५५. यांतील सर्वांत मोठी रक्कम चित्रपटावर खर्च झालेली नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

ही युक्ति कशी चालते तें थोडक्यांत सांगतों. बाहुलें टेबलावर ठेवावयाचें, एक छायाचित्र घ्यावयाचें. तें किंचित् सरकवावयाचें, दुसरें घ्यावयाचें. हीं चित्रें भराभर एकामागून एक दाखविलीं कीं बाहुलें चालूं लागतें. मोठे चित्रपट सेकंदाला २४ चित्रें दाखवितात. खेळण्यांच्या चित्रपटाला १२ पुरतात. म्हणजे एका मिनिटाला ७२० छायाचित्रें, आणि आमच्या दीड मिनिटाला १,०८०. मोबाईल दोन विटांच्या मध्यें घट्ट बसवून ठेवावा. त्यांतील प्रकाश आणि स्पष्टता आपोआप बदलूं न देण्याची सोय असते ती लावून ठेवावी, नाहीं तर चित्र धडधडूं लागतें. बाहुल्याच्या पायाखालीं रंगीत मातीची गोळी दाबली म्हणजे तें कलंडत नाहीं.

पहिल्या दिवशीं मुलांनीं खिडकीजवळ, सूर्यप्रकाशांत काम केलें. संध्याकाळीं चित्रें जुळवून पाहतात तों मावळा जागच्या जागीं उभा आणि त्याची सावली टेबलावरून धूम पळते आहे! चार तासांचा सूर्य वीस सेकंदांत डोक्यावरून गेला होता. मुलें हिरमुसलीं. पण या फजितींत त्यांना सोबत मोठी आहे. आर्थर मेलबोर्न-कूपर या इंग्रज गृहस्थानें १९०८ सालीं खेळण्यांच्या नगरीचें स्वप्न दाखविणारा एक चित्रपट काढला. एका मुलाला दुकानांतून खेळणीं घेऊन दिलीं जातात आणि रात्रीं स्वप्नांत तीं रस्त्यावर गर्दी करतात. तोही उघड्यावर, सूर्याच्या उजेडांत घेतलेला, आणि आजही तो पाहिला तर त्या बाहुल्यांच्या सावल्या तशाच थरथरतांना दिसतात. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे खिडक्या बंद झाल्या, आणि टेबलावरच्या दिव्याखालीं रात्रीं काम होऊं लागलें.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेला अपराधही येथें कबूल करतों. एके रात्रीं मुलें जेवावयास गेलेलीं असतां टेबलावरचा कपडा चुरगळलेला दिसला, म्हणून मीं तो नीट ओढून सरळ केला. वडीलधाऱ्या माणसाला चुरगळलेला कपडा पाहवत नाहीं. तो कपडा म्हणजे सातारा रस्ता होता! ऐंशी छायाचित्रें वांयां गेलीं. मला कोणीं कांहीं बोललें नाहीं. परंतु त्यानंतर खोलीच्या दारावर "काम चालू आहे, काकांनीं आंत येऊं नये" असा कागद लागला, आणि तो योग्यच होता.

आपल्या मराठी मुलखांत ही कला नवी नाहीं, हें पालकांना आवर्जून सांगावेसें वाटतें. कारण "हा काय पोरखेळ" असें त्यांच्यापैकीं कित्येकांच्या ओठांवर आलेलें मीं पाहिलें आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला हें सर्वांना ठाऊक असतें. त्याच्या आधींची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहून फाळक्यांच्या मनानें घेतलें, विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ सालीं विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल देणार कोण? सावकारांना दाखवावयास हातांत कांहीं नव्हतें. तेव्हां त्यांनीं वाटाण्याचें बीं पेरलें आणि त्याचें रोप होईपर्यंत थोडथोडक्या वेळानें एकेक चित्र घेतलें. महिन्याभराची वाढ एका मिनिटांत पडद्यावर उलगडली. सावकार विरघळले. 'अंकुराची वाढ' या नांवानें तो लघुपट ओळखला जातो. म्हणजे आपल्याकडील चित्रपटाच्या धंद्याला पहिलें भांडवल मिळवून देणारा नट हा एक वाटाणा होता, आणि त्यानें मानधन मागितलें नाहीं.

पुढें महायुद्ध पेटलें, परदेशांतून येणारी कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, तेव्हां १९१५ सालीं याच फाळक्यांनीं 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट काढला. काड्यापेटींतल्या काड्या सरकवून सरकवून त्यांनीं आकृति हलविल्या. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं तशीच एक करामत केलेली होती. फाळक्यांचा तो लघुपट आज पाहावयास मिळत नाहीं. परंतु ज्या माणसाला मोठें काम करतां येत होतें त्यानें अडचणीच्या दिवसांत हात जोडून न बसतां काड्या हातीं घेतल्या, ही गोष्ट मला त्यांच्या पौराणिक चित्रपटांइतकीच मोठी वाटते.

पुण्यापुरतेंच बोलावयाचें तर १९३३ सालीं प्रभात कंपनी कोल्हापूरहून येथें आली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिनें 'जंबूकाका' हा हलत्या चित्रांचा लघुपट काढला. प्रभातच्याच जागेंत १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. आणखी एक दुवा येथलाच आहे. आयुकाच्या आवारांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्ता यांनीं कितीतरी वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून मुलांना विज्ञान शिकविलें. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे एवढ्या सामग्रींतून ते त्रिकोण, चौकोन आणि घनाकृति उभ्या करतात. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. काडीला हलविणारा एक मराठी माणूस आणि काडीला काडी जोडणारा पुण्यांत रमलेला दुसरा, या दोघांच्या मध्यें जवळजवळ शंभर वर्षें आहेत, आणि खर्च मात्र वाढलेला नाहीं.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळतों. मोबाईल आधींच हातांतून सुटत नाहीं, त्यांत हें नवें निमित्त कशाला, असें विचारतात. उत्तर सोपें आहे. दोन विटांत चिणलेला मोबाईल मुलाच्या हातांत नसतो. त्यावर आलेला एक निरोप पाहावयास तो उचलला तर सगळें दृश्य बिघडतें, म्हणून मुलेंच त्याचें तोंड बंद करून ठेवतात. अभ्यासाचा वेळ जातो, हा दुसरा आक्षेप खरा आहे, आणि मी तो खोडून काढणार नाहीं. दीड मिनिटाच्या चित्रपटाला आमच्या मुलांचे अकरा दिवस गेले. दहावीच्या वर्षांत हें करूं नये. पण आठवींतल्या मुलानें बारा छायाचित्रें घेऊन एक सेकंद मिळविला, आणि मग तो सेकंद टाकून देऊन पुन्हां केला, तर त्याचा वेळ फुकट गेला असें मला म्हणवत नाहीं.

खरी भीति उत्साही पालकांची आहे. मुलगा खेळण्यांचा चित्रपट करतो असें कळतांच हे दुकानांत धांवतात आणि परदेशी चित्रपटांतील पराक्रमी वीरांच्या महागड्या बाहुल्या घेऊन येतात. अशा बाहुलीला आधींच एक नांव असतें, एक गोष्ट असते, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी असते. ती टेबलावर उभी राहिली कीं मुलाला तीच गोष्ट पुन्हां सांगण्याचा मोह होतो. घरांतील जुन्या खेळण्याची गोष्ट बाजारांत मिळत नाहीं. गाडीचें चाक कोणीं मोडलें हें पुतण्याला ठाऊक आहे. गवळणीचा घडा कोणत्या दिवाळींत फुटला हेंही. मात्र माझ्या या नियमाला मुलांनींच तडा दिला. त्यांच्यापैकीं एकाच्या घरीं खेळणें म्हणून तसलाच एक वीर होता, तोही जुना. त्याला वगळावें तर मित्राला वाईट वाटेल. तेव्हां त्यांनीं त्याला घोंगडीच्या तुकड्यांत गुंडाळलें, हातांत काडी दिली, आणि तो धनगर होऊन गाडीच्या मागच्या बाकावर बसला. तो वीर होता हें सांगितल्याशिवाय ओळखूं येत नाहीं.

पालकांनीं करावयाचें काम वेगळें आहे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारांत बसून फिल्मला छिद्रें पाडीत, ती धूत, आणि त्याच वेळीं साऱ्या मंडळींच्या जेवणाखाण्याचें पाहत. विटा आणून देणें, खोली चार दिवस न झाडणें, भजीं तळणें, एवढें आपल्याला जमण्यासारखें आहे. कपडा सरळ करूं नये.

अडचणींपैकीं दोन सांगण्याजोग्या आहेत. पहिली मापाची. मावळा गाडीच्या दारापेक्षां उंच, तो आंत शिरणार कसा? मुलांनीं आधीं त्याचीं पावलें पायरीजवळ येतांना दाखविलीं, आणि लगेच पुढच्या चित्रांत खिडकींतून त्याचें पागोटें. बस्स. मधलें चढणें कोणीं पाहिलें नाहीं, तरी तो चढला याविषयीं कोणाला शंका आली नाहीं. चित्रपटाच्या विद्येंतील एक मोठा धडा त्यांना या दाराच्या लहानपणामुळें मिळाला. खरी गाडी आणि खरा माणूस असता तर तो नुसता चढला असता.

दुसरी अडचण अशी कीं सहाशें-सव्वासहाशेंव्या छायाचित्राच्या वेळीं मावळ्याचा उजवा हात खांद्यापासून निखळला. जुनी, नीट न भाजलेली माती. सरकवतांना बोटाचा दाब अधिक पडला. ज्याच्या हातून झालें तो मुलगा रडावयाच्या बेतांत होता. मीं दाराबाहेरूनच "नवा आणून देतों" म्हटलें. पण तीं चित्रें दिवाळीच्याच दिवसांत रस्त्यावर विकावयास येतात, आणि मिळाला असता तरी तो हा मावळा नसता. डिंकानें हात चिकटविला तर भेग स्पष्ट दिसे. एकाचें मत, सारें पुन्हां करावें. दुसऱ्याचें मत, यापुढें डावीच बाजू दाखवावी. तासभर वाद झाला. शेवटीं ती शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, गाडीला एवढी गर्दी आहे. हात मोडणारच."

त्यावरून नवें दृश्य लिहिलें गेलें. गर्दींत धक्काबुक्की होते, मावळ्याचा हात दुखावतो. कंडक्टर घंटा वाजवून गाडी थांबवितो, आणि आपल्या पिशवींतील चिंधी काढून त्याला बांधतो. वाघ उठून त्याला खिडकीची जागा देतो. मग दोनदां घंटा, आणि गाडी सुटते. मूळ गोष्टींत यांतलें कांहीं नव्हतें. कंडक्टर तर नुसता उभाच राहावयाचा होता.

चित्रपट पुरा झाला त्या रात्रीं घरांतील सर्वांना दाखविला. आवाज मुलांनीं मागाहून जोडले: घंटा म्हणून पितळेच्या वाटीवर चमचा, गाडीचें इंजिन म्हणून मिक्सर, आणि खऱ्या स्टँडावरचा गलका गॅलरींतून घेतलेला. माझी आई पंच्याऐंशी वर्षांची आहे; तिला चष्म्यानेंही अंधुक दिसतें. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाहीं. मग पुतण्याला जवळ बोलावून तिनें विचारलें, "आतां बरा आहे का रे त्याचा हात?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. त्या चेहऱ्यावरची रेषसुद्धां कोणीं बदललेली नव्हती.

मावळा सध्यां माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. हाताला चिंधी तशीच आहे. येत्या दिवाळींत नवा किल्ला होईल, तेव्हां त्याला पुन्हां बुरुजावर उभा करावा असें माझें म्हणणें पडलें. मुलांना तें मान्य नाहीं. त्यांचें म्हणणें, तो प्रतापगडास गेलेला आहे.